०.०९ ओहम!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा डगमगतं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला! पण हा किस्सा मराठीतच सांगायचाय, कारण त्यातला खरा हिरो मराठीत बोलला.

हॅम रेडिओचं लायसन्स हातात आलं आणि प्रश्न पडला, अँटेना लावायची कुठे? २० मीटर बँडचा साधा डायपोल म्हणजे दहा मीटर तार, आणि सोसायटीच्या गच्चीला कुलूप. उरली बाल्कनी. तिथे मावेल असा एकच प्रकार होता, मॅग्नेटिक लूप.

ट्यूशनच्या पैशातून पाच सुती तांब्याची नळी आणली. तिचं एक मीटर व्यासाचं कडं केलं. वरच्या मोकळ्या टोकांना जुन्या बाजारातून आणलेला व्हॉल्व्ह रेडिओचा गँग कंडेन्सर डकवला. खाली, आतल्या बाजूला, वीस सेंटिमीटरचं छोटं कडं. कोॲक्स केबल त्यालाच जोडायची. छोटं कडं मोठ्याला कुठेच चिकटत नाही, ट्रान्सफॉर्मरसारखं नुसत्या मॅग्नेटिक फील्डवर काम चालतं.

"अगं, ही वायर सुटलीय बघ," आई म्हणाली.

"आई, ती सुटलेलीच असते!"

एसडब्ल्यूआर झटक्यात १.२ आला. फ्रिक्वेन्सी वीस किलोहर्ट्झ सरकवली तरी मीटर फारसा हलेना. मी खूश! पण पाच वॅटवर दोन आठवडे घसा कोरडा केला, तरी एकाही माणसाचं उत्तर नाही. बाबांनी बजावलं, "रविवारपर्यंत. मग ते कडं काढायचं आणि सबमिशनला बसायचं."

शेवटी सरांना गाठलं. ते म्हणाले, "इतकं सोपं ट्यून होतंय? मग नक्की काहीतरी चुकतंय."

गणित मांडलं. या लूपचा रेडिएशन रेझिस्टन्स १४ मेगाहर्ट्झला जेमतेम ०.०९ ओहम! जोडांमध्ये एक ओहम जरी लपला असेल, तर पाचपैकी अर्धा वॅटही हवेत जात नाही. बाकी सगळी उष्णता. आणि अशा लॉसमुळेच ट्यूनिंग ढिलं, म्हणजे 'सोपं' होतं. याच टॉपिकवर मी परीक्षेत पानभर उत्तर लिहिलं होतं हो!

लूप उचलून थेट एसीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी नुसतं पाहिलं. "ताई, हा जोड कोरडा आहे. वरनं चमकतोय, आत मालच उतरला नाही." त्यांनी गॅसवर नळी लाल करून पक्का जोड दिला. घरी येऊन मी गँगचे दोन्ही भाग सिरीजमध्ये घेतले, म्हणजे करंट फिरत्या दांड्याच्या स्प्रिंगमधून जायला नको.

आता पाच किलोहर्ट्झ सरकलं की परत ट्यूनिंग. तेही पीव्हीसीच्या लांब दांडीने, कारण हात जवळ नेला तरी ते बिघडतं, आणि पाच वॅटलाच कंडेन्सरवर हजाराच्या वर व्होल्ट चढतात. वैताग नुसता!

शनिवारी संध्याकाळी कोलकात्याहून कुणीतरी माझं कॉलसाइन उच्चारलं. खरखरीत, पण माझंच! मी ओरडले, "बाबा!" ते पेपर खाली ठेवून आले आणि शेवटपर्यंत उभे राहून ऐकत राहिले.

रविवार उलटून गेला. कडं अजून बाल्कनीतच आहे. आणि हल्ली अभ्यासात एखादी गोष्ट फारच सोपी वाटली, की मी आधी जोड तपासते.