फियाट आधी गेली, अ‍ॅम्बेसेडर नंतर

२०१४ च्या मे महिन्यात कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा येथील कारखान्याच्या फाटकावर काम थांबविल्याची सूचना लागली आणि अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन संपले. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मुंबईकरांची ‘फियाट’, त्याआधी सुमारे तेरा-चौदा वर्षे बंद पडली होती. या दोन तारखांमधले अंतर विचारात पाडणारे आहे. सत्तरच्या दशकात स्वतःच्या खिशातून पैसे घालून मोटार घेणाऱ्या माणसाचा ओढा बहुधा फियाटकडे असे. तिच्यासाठी रांग लांब होती आणि जुन्या फियाटलाही भाव चांगला येई. तरीही अधिक मागणीची गाडी आधी गेली आणि दुसरी तिच्यामागे दशकभराहून अधिक काळ रेटत राहिली. हे कसे घडले, याचे उत्तर दोन्ही कंपन्यांच्या ताळेबंदांत शोधून पुरत नाही. त्यांची गिऱ्हाइके कोण होती, हे पाहावे लागते.

प्रारंभ दोघींचाही महायुद्धाच्या धामधुमीत झाला. भारतात मोटारी बनवाव्यात हा आग्रह मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी तिशीच्या दशकातच धरला होता. त्यांची योजना उचलून धरली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. आगबोटी, साखर, विमाने, गोदी अशा एकामागून एक अवघड धंद्यांत हात घालण्याची हौसच या गृहस्थांना होती आणि त्या प्रत्येक ठिकाणी ब्रिटिश सरकारशी गाठ पडण्याची सवयही. मुंबई प्रांतातल्या खेर मंत्रिमंडळाने मोटार कारखान्याला आर्थिक हमी देण्याची तयारी दाखविली. पण १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ती हमी हवेत विरली. युद्धकाळात मोटारींच्या कारखान्याला प्राधान्य देण्यास दिल्लीने नकार दिला. वालचंदांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार जुळविला होता, तरी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना व्हायला १९४४ साल उजाडले. कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या त्या १९४७ मध्ये.

ब्रजमोहन बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स तिच्या दोन वर्षे आधीची, १९४२ ची. तिचा पहिला कारखाना सौराष्ट्रातल्या ओखा बंदरावर होता. १९४८ मध्ये तो हुगळीकाठी उत्तरपाड्यास हलला. बिर्लांनी विलायतेच्या मॉरिस कंपनीचा हात धरला. वालचंदांच्या कंपनीने पुढे अमेरिकन थोराड गाड्यांचा नाद सोडून इटलीच्या फियाटशी संधान बांधले. वालचंद स्वतः १९५३ मध्ये निवर्तले; ज्या गाडीने त्यांच्या कंपनीला नाव दिले, ती फियाट ११०० त्यानंतरची. पन्नाशीतल्या त्या गोलमटोल फियाटला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले. त्यात हेटाळणी कमी आणि लाडच अधिक होता.

त्याच सुमारास दोघींच्या नशिबाचा खरा निर्णय दिल्लीत झाला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरविले की, सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांना यापुढे भारतात स्थान नाही. गाडी टप्प्याटप्प्याने येथेच घडविण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी असेल, त्यांनीच राहावे. मुंबईत शिवडीला १९२८ पासून जुळणी करणारी जनरल मोटर्स गेली, फोर्डही गेली. मोटारींच्या बाजारात उरल्या त्या हिंदुस्थान, प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. तिसरीचा वाटा पहिल्या दोघींच्या मानाने लहानच राहिला. हिंदुस्थानने मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर १९५७ मध्ये अ‍ॅम्बेसेडर आणली. प्रीमियरने १९६४ मध्ये ११०० डिलाइट आणली. तिचेच नाव सत्तरच्या दशकाच्या आरंभी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाले. नावे बदलली, पत्र्याखालची गाडी मात्र बव्हंशी तीच राहिली.

येथून पुढची पंचवीस वर्षे या दोन कंपन्यांची तुलना करू जाणाऱ्याची पंचाईत होते. कोणी अधिक विकल्या, या प्रश्नाला अर्थच उरत नाही, कारण जितक्या बनत तितक्या विकल्या जात. किती बनवायच्या, हे परवान्याने आणि आयातीसाठी मिळणाऱ्या परकीय चलनाने ठरे. मारुती येईपर्यंत साऱ्या देशात मिळून वर्षाला पन्नास हजार मोटारींचा आकडाही गाठला गेला नाही. किंमतही कंपनीच्या हाती नव्हती. आधी अनौपचारिक आणि १९६९ पासून कायदेशीर आदेशाने सरकारच दर ठरवू लागले. कंपन्या त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. निकालात न्यायालयाने उत्पादनखर्च आणि त्यावर वाजवी परतावा, हे तत्त्व मान्य केले. कंपन्यांना दिलासा मिळाला खरा. पण त्या तत्त्वाच्या पोटात एक विष होते. खर्च अधिक तोच परतावा, असे गणित एकदा मांडले, की खर्च कमी करण्यात कोणाचेच हित उरत नाही. तंत्र सुधारून गाडी शंभर रुपयांनी स्वस्त बनविली, तर ठरलेला दर शंभर रुपयांनी उतरणार. मग सुधारणेची यातायात कशाला?

गुणवत्तेचेही तेच. तक्रारी इतक्या वाढल्या की, १९६७ मध्ये मोटारींच्या दर्जाची चौकशी करण्यासाठी सरकारला समिती नेमावी लागली. नवी कोरी गाडी ताब्यात घेऊन आधी थेट मेकॅनिककडे न्यायची आणि कारखान्यात राहिलेले काम त्याच्याकडून पुरे करून घ्यायचे, ही त्या काळातल्या गाडीमालकांना सर्वपरिचित असलेली रीत होती. दार नीट लागत नाही म्हणून कोणी गाडी परत करीत नसे. परत केली असती, तर मागच्या माणसाने ती आनंदाने नेली असती.

तेव्हा तुलना करायची ती रांगेची. विक्रीचे आकडे जे सांगू शकत नव्हते, ते नोंदणीच्या वह्या सांगत. माणूस अनामत भरून नाव नोंदवी आणि वर्षे मोजीत बसे. मुलाच्या मुंजीला नोंदविलेली गाडी त्याच्या कॉलेजप्रवेशाला दारात येई, हा विनोद फारसा अतिशयोक्त नव्हता. सरकारी नियंत्रित दर आणि बाजारातला खरा दर यांच्यातली तफावत जिच्या बाबतीत मोठी, ती गाडी लोकांना अधिक हवी, असा साधा हिशेब होता. आणि तो फियाटच्या बाजूने झुकलेला होता. कारणे उघड होती. फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे, अ‍ॅम्बेसेडरचे १४८९ सीसीचे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल भडकले आणि हा फरक दर महिन्याच्या खर्चात दिसू लागला. फियाट आटोपशीर होती, चालवायला हलकी होती, शहरातल्या गल्ल्यांत मावत होती. डॉक्टर, वकील, लहान कारखानदार, चित्रपटांतले उगवते तारे, सगळ्यांची पहिली गाडी बहुधा हीच. मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांनी ती उचलली आणि काळ्या-पिवळ्या रंगात तिला शहराची ओळख केले.

अ‍ॅम्बेसेडरचे बलस्थान वेगळे होते. ती ऐसपैस होती. मागच्या बाकावर तिघे सुखाने आणि चौघे अडचणीने बसत. खडकाळ रस्त्यावर तिचा सांगाडा तक्रार करीत नसे आणि जिल्ह्याच्या गावीही तिला दुरुस्त करणारा हात सापडे. मुख्य म्हणजे ती साहेबाची गाडी होती. मंत्री, सचिव, जिल्हाधिकारी, लष्करी अधिकारी यांच्यासाठी सरकार दरकरारावर अ‍ॅम्बेसेडर घेई. पांढरा रंग, माथ्यावर लाल दिवा, मागच्या काचेला पडदा, एवढ्यावरून रस्त्यावरचा माणूस सत्ता ओळखी. कोलकात्याच्या पिवळ्या टॅक्सीही तिच्याच होत्या. म्हणजे गाडीत बसणारा एक, पसंत करणारा दुसरा आणि पैसे भरणारा तिसराच, असे तिचे बरेचसे गिऱ्हाईक होते. फियाटचे गिऱ्हाईक या तिन्ही कामांत एकटेच होते. ते चोखंदळ होते, म्हणूनच ते फियाटकडे आले होते. आणि म्हणूनच ते निघूनही जाऊ शकत होते.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली किल्ली दिली गेली, तेव्हा नेमके हेच घडले. त्याआधीच सव्वा लाखाहून अधिक लोकांनी दहा-दहा हजार रुपये भरून मारुतीसाठी नावे नोंदविली होती. ती लहान होती, हलकी होती, थंडीतही पहिल्या फेऱ्यात सुरू होई. दशकाच्या अखेरीस एकटी मारुती वर्षाला लाखाहून अधिक गाड्या काढू लागली. मारुतीने कोणाचे गिऱ्हाईक नेले? कोणाच्या पदरी पडलेली सरकारी अ‍ॅम्बेसेडर तिने हिरावली नाही. निदान लगेच तरी नाही. तिने नेले ते फियाटच्या रांगेतले डॉक्टर आणि वकील.

प्रीमियर स्वस्थ बसली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिने १९८५ मध्ये ११८ एनई आणली. फियाट १२४ च्या सांगाड्यात निस्सानचे इंजिन बसविलेली ती गाडी वाईट नव्हती. उदारीकरणानंतर तिने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली आणि कल्याणजवळच्या कारखान्यात प्यूजो ३०९ काढली. त्याच वेळी कुर्ल्याचा कारखाना फियाटबरोबरच्या भागीदारीत घातला. दोन दगडांवर पाय ठेवण्याचा हा प्रकार होता. एका जोडीदाराला दुसऱ्याचा विषाद वाटला, कल्याणला कामगारांचा संप चिघळला, अनामती भरलेल्यांना गाड्या मिळेनात आणि १९९७ च्या सुमारास प्यूजो निघून गेली. फियाटने कुर्ल्यात उनो काढली आणि कालांतराने आपला मुक्काम पुण्याजवळ रांजणगावला हलविला. प्रीमियरच्या हाती पद्मिनीखेरीज सांगण्यासारखे फारसे उरले नाही, आणि पद्मिनीला टॅक्सीवाल्याखेरीज. २००९ मध्ये चिंचवडला रिओ नावाची छोटी एसयूव्ही काढून कंपनीने पुन्हा उभे राहण्याचा प्रयत्न केला, पण तोवर बाजार तिला विसरला होता.

हिंदुस्थान मोटर्सचीही धडपड साधारण याच वळणाची: १९८४ मध्ये कॉन्टेसा, पुढे जनरल मोटर्सशी भागीदारी, १९९८ मध्ये मित्सुबिशीची लान्सर. यांतल्या कशानेच कंपनी सावरली नाही. फरक एवढाच, की प्रत्येक अपयशानंतर परतायला तिच्यापाशी घर होते. सरकारी मागणी आणि टॅक्सीचा धंदा एवढ्यावर उत्तरपाड्याची भट्टी मंद का होईना, पेटती राहिली. त्या उबेने कारखान्याला नवे काही करण्याची निकडही भासू दिली नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर वर्षाला वीस हजारांच्या वर जाणाऱ्या अ‍ॅम्बेसेडर अखेरीस दोन-अडीच हजारांवर आल्या. संसदेवरच्या हल्ल्यानंतर पंतप्रधानांच्या ताफ्यातून ती गेली, मग मंत्री-सचिवही एकेक करून नव्या गाड्यांकडे वळले. मोठ्या शहरांत धुराचे निकष कडक झाले, तेव्हा टॅक्सीचा दरवाजाही लागला. २०१३ मध्ये निकषांत बसणारे नवे इंजिन घालून ‘एन्कोर’ आली. वर्षभरात कारखानाच थांबला.

वर्षे मोजली, तर हिंदुस्थान मोटर्स जिंकली असे म्हणता येईल. पण त्या जादा वर्षांत उत्तरपाड्याच्या कामगाराच्या हाती काय पडले, हे पाहिले की तसे म्हणवत नाही. कुर्ल्याच्या कामगाराचे भवितव्य १९९७ च्या आसपास स्पष्ट झाले. निदान काहींचे वय तेव्हा दुसरी वाट धरण्याजोगे होते. उत्तरपाड्याचा कामगार, दिवसाला मोजक्या गाड्या निघत असताना, थकलेल्या पगाराची वाट पाहत २०१४ पर्यंत फाटकाआत राहिला.

२०१७ मध्ये अ‍ॅम्बेसेडर हे नाव ८० कोटी रुपयांना विकले गेले. घेणारी कंपनी होती प्यूजो, वीस वर्षांपूर्वी कल्याणहून हात पोळून गेलेली. मुंबईत २० वर्षांच्या मुदतीच्या नियमाने पद्मिनी टॅक्सी एकेक करून भंगारात गेल्या. शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली, तेव्हा तिच्याबरोबर छायाचित्र काढून घेणाऱ्यांची रांग लागली होती.