अटकेची वेळ

भाच्याला पकडलं ते योग्यच झालं. यंत्रावर आकडा ७८ आला होता; कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. मित्राच्या हळदीत पिऊन तो स्वतः गाडी चालवत येत होता. त्याची दया मला तेव्हाही आली नाही. राग आहे तो कागदावरच्या वेळेचा.

ताईचा फोन आला, "तुझ्या ओळखीचं कोणी आहे का रे?" अशा वेळी सगळ्यांना आधी ओळखच आठवते. मी ठाण्यात पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. पोरगा बाकावर बसलेला, त्याचा मोबाइल आणि गाडीची किल्ली टेबलावर. यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीवर १२:४२ छापलेलं. मोटार वाहन कायद्याचं कलम २०२ स्पष्ट सांगतं की, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडून द्यावं लागतं. त्याला सिव्हिलला नेलं तीन वाजून गेल्यावर. आधी गाडी नव्हती, मग सोबत द्यायला माणूस नव्हता. आणि अटकेच्या कागदावर वेळ लिहिली होती २:२०.

मी चिठ्ठीवर बोट ठेवलं. अंमलदार शांतपणे म्हणाले, "फुंकर तेव्हा घेतली. अटक नंतर दाखवलीय."

मग तोवर हा काय पाहुणा म्हणून बसला होता? किल्ली, मोबाइल काढून घेतलेला माणूस उठून घरी जाऊ शकला असता का? गेला असता तर जाऊ दिला असता का? मी हेच तीनदा विचारलं. उत्तर एकच, "भाच्याची बाजू घेऊ नका." मी बाजू घेतच नव्हतो. प्यायलेल्या माणसाची वेळ लिहिताना जो हात अडखळत नाही, तो न प्यायलेल्याचीही तशीच लिहील.

कुणावर ही वेळ आली तर अडवल्याबरोबर घरी मेसेज करा, म्हणजे वेळेची नोंद राहते. फुंकर किंवा रक्त द्यायला नकार देऊ नका. सबळ कारण नसेल तर तो नकार कोर्टात तुमच्याच विरुद्ध धरला जातो. न वाचता सही नको. मांडवली तर नकोच, गुन्हा जामीनपात्र आहे.

पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. वकील म्हणाले, वेळेच्या मुद्द्यावर लढता येईल. भाचा म्हणाला, "मामा, मी प्यायलो होतो. कबूल करून टाकतो." केलं, दंड भरला. त्याचा अभिमान वाटायला हवा, थोडा वाटतोही. पण कबुलीनंतर वेळेबद्दल कुणी विचारलंच नाही, आणि त्याला पकडलं हे योग्य म्हणणाऱ्या मला, त्याने लढायला हवं होतं असं आजही वाटतं.

चिठ्ठीचा फोटो जोडून मी वरिष्ठांकडे लेखी तक्रार दिली आहे. ताईला ते अजिबात आवडलेलं नाही.