प्रतवारी

आमच्या आर्वीत खोटेपणा ओळखण्याचं शास्त्र कापसावर पोसलेलं आहे. बाजारात गाडी लागली की पारखी माणूस ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालतो आणि पाणी मारलेला कापूस तेवढ्यात ओळखतो. विद्वत्तेच्या ढिगात मात्र असा हात कुणी घालत नाही.

२०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांचा तक्ता काढला. निबंध छापा, गुण घ्या. झालं! ज्यांना किराण्याची यादी लिहायचा कंटाळा, तेही वर्षाला चार-चार शोधनिबंध प्रसवू लागले. आमचे शेजारी त्यांतलेच. सोमवारी पैसे भरले, गुरुवारी निबंध 'आंतरराष्ट्रीय' झाला. मी विचारलं, "सर, तज्ज्ञांनी तपासला का हो?"

"तपासला ना! पैसे पोचल्याची पावतीसुद्धा आली."

निबंध जात्यावरच्या ओव्यांवर होता. मला आनंद झाला. ओसरीवर त्यांच्या मातोश्री गहू निवडत बसल्या होत्या, त्यांना वाचून दाखवू लागलो. तिसऱ्याच पानावर वाक्य आलं : 'या ओव्या मला माझ्या कैलासवासी आईकडून मिळाल्या.' म्हातारीचा हात सुपात थांबला.

"मी मेली? अन् माही तेरवी कुठं केली रे बाप्पा?"

ती दुसऱ्या कुणाची आई होती. त्याच कॉलेजातले एक अबोल प्राध्यापक नऊ वर्षं सायकलवर आष्टी-तळेगावकडची खेडी पालथी घालत होते. एकच निबंध लिहिला, तोही आई गेल्यावर. शेजाऱ्यांनी तो आईसकट उचलला! २०१५ साली बढतीची वेळ आली. गुणांची बेरीज झाली आणि शेजाऱ्यांच्या घरून पेढे आले.

२०१८ साली आयोगाला जाग आली. पुण्याच्या संशोधकांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या मासिकांचा नमुना तपासला, तर ८८ टक्क्यांहून अधिक पोकळ. मे महिन्यात ४,३०५ मासिकांची नावं यादीतून उडाली, त्यात शेजाऱ्यांचंही. जुलैत नियम आला : उचल ६० टक्क्यांवर गेली तर दोन वेतनवाढी बंद. (१० टक्क्यांपर्यंत माफ. आमच्या गवळ्याला हे अजून कळलेलं नाही.) पण तक्रार केल्याशिवाय चौकशी कोण करतो? मासिक बुडालं, बढती तरंगत राहिली.

मी त्या अबोल सरांना गाठलं. म्हटलं, आता तरी अर्ज द्या. आईचा किस्साही सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या आजींना ओव्या येतात का हो?"

रविवारी सायकल आमच्या वॉर्डात आली. म्हातारीने एका बैठकीत एकोणीस ओव्या सांगितल्या, चहा दिला, पुढच्या रविवारी यायला बजावलं. चिरंजीव आतल्या खोलीत दार लोटून बसले होते.