मलावी सरोवर आणि आमचा चार फुटी टँक

शोभेच्या माशांच्या दुकानात ‘आफ्रिकन सिक्लिड’ म्हणून जे निळे-पिवळे चपळ मासे दाखवतात, त्यांतले बरेचसे मूळचे मलावी सरोवरातले. गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी महिनाभर मलावीच्या राजधानीत, लिलाँग्वेला जायचं ठरलं, तेव्हा मी आधी नकाशात हे सरोवर शोधलं. हैदराबादला आमच्या हॉलमध्ये नवा चार फुटी टँक येऊन बसला होता आणि त्यात काय ठेवायचं यावर घरात एकमत होत नव्हतं. मला फक्त नर हवे होते, कारण बऱ्याच जातींत खरा रंग नरालाच असतो. मुलीला पिल्लं बघायची होती. बायकोचं म्हणणं एवढंच, की मेलेले मासे काढत बसायची वेळ येऊ नये.

एका शनिवारी केप मक्लिअर गाठलं. लिलाँग्वेहून गाडीने जवळजवळ अर्धा दिवस लागतो. सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब, म्हणजे साधारण हैदराबाद ते पुणे! खोली काही ठिकाणी ७०० मीटर. किनाऱ्याला लागूनच चेंबे हे कोळ्यांचं गाव आहे. पाण्यात बायका भांडी घासत असतात आणि मांडवांवर उसिपा नावाची बारीक मासळी वाळत असते. इथे १९८० साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. उद्यानातल्या बेटांभोवती १०० मीटरपर्यंत मासेमारीला बंदी आहे.

होडीने समोरच्या थंबी वेस्ट बेटापाशी गेलो आणि चष्मा-नळी लावून पाण्यात उतरलो. मोठमोठे दगड आणि त्यांवरचं शेवाळ खरवडणारे शेकडो मासे. यांना तिथे ‘म्बुना’ म्हणतात. एकेका निळ्या नराने एकेक कपार धरलेली. दुसरा नर जवळ आला की हा तुटून पडतो, पण पाठलाग चार-पाच फुटांवर थांबतो. हद्द संपली की भांडण संपलं. पळणाऱ्याला पुढे अख्खं सरोवर मोकळं असतं.

मादी आली की तोच नर अंग थरथरवत तिच्यापुढे मिरवतो. मादी अंडी घालते, लगेच तोंडात घेते आणि निघून जाते. पुढे साधारण तीन आठवडे अंडी आणि मग पिल्लं तिच्या तोंडातच वाढतात. त्या काळात ती जवळजवळ उपाशीच असते.

वाळूच्या भागात तऱ्हा वेगळी. तिथले काही जातींचे नर तोंडाने वाळू वाहून ढीग रचतात, वर वाटीसारखा खळगा करतात आणि तिथे मादीची वाट बघतात. एकाला लागून दुसरा, अशा त्यांच्या वसाहतीच असतात. एवढी रंगाची आणि बांधकामाची धडपड कुणासाठी, हे तिथे वेगळं सांगावं लागत नाही.

आता टँकचं बघू. फक्त नरांचा टँक दिसतो झकास. पिल्लांचा प्रश्न नाही, अंडी धरलेल्या मादीचे हाल नाहीत. पण त्याला लांबी लागते. पीकॉक आणि त्यांचे मोठे भाऊबंद ठेवायचे तर सहा फूट बरे. प्रत्येक जातीचा एकच नर, दोघांचा रंग सारखा नको आणि मादी एकही नको, कारण एका मादीवरून सगळे पेटतात. शिवाय दबून राहिलेला नर फिकाच पडतो, म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच जातं.

नर-माद्या एकत्र ठेवायच्या तर एका नरामागे तीन-चार माद्या हव्यात, नाहीतर एकटीला पळता भुई थोडी होते. टँकमध्ये हद्द संपते तिथे काच असते. दुसरी अडचण संकराची. पीकॉकच्या वेगवेगळ्या जातींच्या माद्या इतक्या सारख्या दिसतात, की पिल्लं कुणाची ते कळत नाही. थंबी वेस्टभोवती सरोवराच्या दुसऱ्या भागातल्या काही जाती माणसाने आणून सोडल्या. त्यांतल्या एकीचा तिथल्या जातीशी संकर झाल्याचं संशोधकांना आढळलं. इतक्या मोठ्या सरोवरात हे होतं, तर अडीचशे लिटरमध्ये काय होईल?

परत आल्यावर आम्ही पिवळा लॅबिडोक्रोमिस ही एकच जात घेतली. हा मासा त्याच सरोवराच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, उत्तरेकडचा. नर-मादी दोघंही पिवळे आणि म्बुनांमध्ये त्यातल्या त्यात शांत. लहानपणी नर-मादी ओळखता येत नाहीत म्हणून दहा पिल्लं आणली आणि जास्तीचे नर परत घेण्याचं दुकानदाराकडून आधीच कबूल करून घेतलं. दगड काचेच्या तळाशी पक्के बसवून मग वाळू घातली, म्हणजे उकरताना ते ढासळत नाहीत. बोअरचं जड पाणी या माशांना मानवतं, ही हैदराबादकरांची सोय.

तुमच्याकडे सहा फुटांची जागा असेल आणि पिल्लांची हौस नसेल, तर नरांचा टँक जरूर करा. चार फूट असतील तर एकच जात, एक नर आणि जास्त माद्या. आणि केप मक्लिअरला गेलात, तर पाण्यात जरूर उतरा. मात्र तिथल्या गोगलगाईंमुळे बिलहार्झियाचा धोका असतो, म्हणून परतल्यावर किती दिवसांनी तपासणी करायची हे डॉक्टरांना विचारून निघा.