सवलतीचा कागद

आमच्या नातीला मधुमेह आहे, हें वाक्य लिहावयास आम्हांस दोन वर्षें लागलीं. पन्नाशी उलटलेल्या, पोट सुटलेल्या गृहस्थांचें हें दुखणें, अशीच आमची समजूत होती. आठ वर्षांच्या पोरीस तें जडतें, तिच्या शरीरांत इन्शुलिन तयार होणेंच बंद पडतें, आणि त्यांत तिच्या खाण्याचा किंवा आईबापांच्या लाडांचा कांहीं दोष नसतो, हें पुण्याच्या डॉक्टरांनीं आम्हांस तीन वेळां समजावून सांगितलें. खरें पाहतां एकदां पुरावयास हवें होतें; कारण सुश्रुतानें प्रमेहाचे जन्मतः आलेला आणि अपथ्यानें ओढवलेला असे दोन भेद केले आहेत, आणि तें प्रकरण आम्हीं तरुणपणीं वाचलेलें आहे. परंतु पोथींत ओळखीचें असलेलें दुखणें घरांत आलें म्हणजे ओळखूं येतेंच असें नाहीं.

ती आतां दहा वर्षांची आहे. दिवसांतून सहा वेळां बोटास सुई टोंचावयाची, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यावयाचा, आंकडा वहींत लिहावयाचा, आणि त्याप्रमाणें इन्शुलिन द्यावयाचें, असा आमच्या शिक्रापूरच्या घराचा नित्यक्रम झाला आहे. रात्रीं दोन वाजतां सूनबाई गजर लावून उठतात. झोपेंत साखर उतरली तर मुलीस स्वतःस तें कळेलच असें नसतें. तिच्या बोटांचीं टोकें आम्ही एकदां दिव्याजवळ नेऊन पाहिलीं. मोहरीएवढे काळे ठिपके इतके दाट होते कीं नवी जागा शोधावी लागे. ती तक्रार करीत नसे. फक्त लेखणी जरा निराळ्या तऱ्हेनें धरूं लागली होती. चाळीस वर्षें मुलांच्या लेखणीची पकड सुधारण्यांत घालविलेल्या मास्तरास तें दिसल्यावांचून कसें राहावें?

डॉक्टरांनीं संवेदक सुचविला. (आमच्या घरांत त्यास सेन्सर म्हणतात, संवेदक म्हणणारे आम्ही एकटेच.) दहा रुपयांच्या नाण्याहून कांहींशी मोठी अशी ही चकती दंडाच्या मागील बाजूस चिकटवितात. तिचा केंसासारखा तंतु सुमारें अर्धा सेंटिमीटर कातडीखालीं राहतो आणि रक्तांतली नव्हे, तर पेशींच्या मधल्या द्रवांतली साखर मोजतो. त्यामुळें त्याचा आंकडा रक्ताच्या आंकड्यामागें कांहीं मिनिटें असतो. परंतु तो अहोरात्र मिळत राहतो, आणि साखर फार उतरली कीं फोन वाजतो. चौदा दिवस झाले कीं चकती फेकून द्यावयाची आणि नवी लावावयाची.

फेकावयाच्या त्या चकतीस पांच हजार रुपयांच्या घरांत पडतात. वर्षाला सव्वीस चकत्या, म्हणजे एक लाख तीस हजार रुपये! चिरंजीव रांजणगांवच्या कारखान्यांत नोकरीस आहेत, आम्हांस निवृत्तिवेतन आहे, घरांत सात माणसें आहेत. हा हिशेब आम्हीं पाटीवर मांडला, पुसला, आणि पुन्हां मांडला.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें नव्हे. 22 सप्टेंबर 2025 पासून ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्या यांवरील वस्तु व सेवा कर बारा टक्क्यांवरून पांच टक्क्यांवर आला. त्या दिवशीं चिरंजीव म्हणाले, “बाबा, सात टक्के स्वस्त झालें.” आमच्यांतला मास्तर जागा झाला. मूळ हजाराची वस्तु पूर्वी 1,120 रुपयांस पडे, ती आतां 1,050 रुपयांस पडेल. सत्तर रुपये सुटले ते 1,120 मधून, म्हणजे किंमत सव्वासहा टक्के उतरली, सात नव्हे. चिरंजीव हंसले, आणि या घरांत हंसू हल्लीं महाग असल्यामुळें आम्हीं तो हिशेब सूनबाईंसही समजावून सांगितला. त्याच दिवशीं तेहतीस जीवरक्षक औषधांवरील कर अजीबात उठला. इन्शुलिन मात्र पांच टक्क्यांवर होतें तेथेंच राहिलें. पोरीचें जीवन ज्यावर चालतें तें जीवरक्षक नव्हे, तर मग काय, हें आम्हांस अजून उमगलेलें नाहीं. पण तेंही असो. कर सगळा माफ झाला तरी चकतीची किंमत हजारांतच राहणार होती.

नगर रस्त्यावरच्या एका औषधाच्या दुकानीं आम्ही चौकशीस गेलों. दुकानदार आमचा जुना विद्यार्थी नव्हे, पण मास्तर म्हणून मान देतो. आवाज उतरवून तो म्हणाला, “गुरुजी, बिल नको असेल तर कांहीं तरी कमी करतां येईल.” नागरिकशास्त्राच्या तासाला कर म्हणजे काय, हें आम्हीं किती मुलांस शिकविलें त्याची गणती नाहीं. तरी त्या दुकानांत आमच्या तोंडून ‘नको’ हा शब्द निघाला नाहीं. “उद्यां येतों,” असें म्हणून आम्ही वेळ नदीच्या बाजूनें घरीं आलों. वाटेंत मनाशीं म्हणालों कीं आम्ही कांहीं होकार दिलेला नाहीं. असल्या समाधानास काय म्हणतात, तें वाचक जाणतात.

त्याच रविवारीं इंग्लंडहून पुतण्याचा फोन आला. त्या देशांत 2022 च्या मार्चपासून अशा मुलांस हें यंत्र सरकारी आरोग्यसेवेनें द्यावें, अशी शिफारस आहे. ज्यांस ती सोय लागू नाहीं, असे रोगी तें विकत घेतात. त्यांच्यासाठीं करकायद्यांत अशी तरतूद आहे कीं दीर्घ आजार असलेल्या माणसानें स्वतःच्या घरगुती वापरासाठीं असें उपकरण घेतलें तर त्यावर वीस टक्क्यांचा कर पडत नाहीं. मला अमुक आजार आहे, असें लिहून रोग्यानें सही करावयाची. डॉक्टरचा दाखला जोडावा लागत नाहीं. रोग्याच्या शब्दावर सरकार आपला कर सोडतें, हें ऐकून आम्हांस त्या देशाचा प्रथमच थोडासा हेवा वाटला.

पुतण्या म्हणाला, “काका, दिवाळीला येतांना मी माझ्याकडून तिच्यासाठीं सेन्सर आणतों. करासकट साठ पौंड धरा, कर वजा जातां पन्नास. तीनशें पौंडांत पांच येतात, ते सहा येतील. एका कागदावर सही केली कीं झालें.”

“सही कोणाची?” आम्हीं विचारलें.

“माझीच. मला मधुमेह आहे असें लिहीन. कोण तपासतो, काका?”

पांचांच्या पैशांत सहा! सहावी चकती म्हणजे आणखी चौदा रात्री सूनबाईंची अखंड झोंप. शिवाय लबाडी कोणासाठीं, तर दहा वर्षांच्या आजारी पोरीसाठीं. आम्ही ‘पाहूं’ म्हणणार, तोंच शेजारीं बसून अभ्यास करणारी नात उठून फोनापाशीं आली.

“आजोबा, काकाला पण मधुमेह झाला?”

तिच्या स्वरांत भय असतें तर आम्हीं तें समजूं शकलों असतों. तेथें आनंद होता. घरांतल्या सातांमध्यें ती एकटी, शाळेंत एकटी, मोदकाच्या पंक्तीस बसण्यापूर्वी सुई घेणारी एकटी. आपल्यासारखें कोणी तरी आपल्या माणसांत निघालें, असें तिला क्षणभर वाटलें होतें. “नाहीं ग, तो तसें नुसतें लिहिणार होता,” असें आम्हांस तिला सांगावें लागलें. ती म्हणाली, “मग खरें तर माझी सही हवी ना?” आणि पुन्हां भूगोलाच्या पुस्तकाशीं जाऊन बसली. पुतण्यानें तें सर्व ऐकलें होतें. थोड्या वेळानें तो म्हणाला, “काका, पांचच आणतों.” मागाहून दोन रविवार त्याचा फोन आला नाहीं. आम्हांस वाईट वाटलें; पण आम्हींही केला नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं सुश्रुत काढला. प्रमेहाचा रोगी निर्धन व आप्तहीन असेल तर त्यानें पायांत कांहीं न घालतां, छत्री न घेतां, भिक्षेवर राहून, एका गांवीं एकच रात्र काढीत शंभर योजनें किंवा अधिकही चालावें, आणि धनवंतानें सांवा, नीवार, आंवळे, कवठें खाऊन हरणांमध्यें राहावें, असें तेथें सांगितलें आहे. रोग एक आणि उपचार दोन. रोग्याची कनवट पाहून औषध सांगण्याची वेळ त्याही काळीं वैद्यावर येत होती. मात्र आमच्या नातीचें दुखणें चालून हटणारें नव्हे. 1922 च्या जानेवारींत टोरांटोस पहिल्या मुलास इन्शुलिन टोंचण्यापूर्वी या जातीच्या मधुमेहाचीं मुलें जगतच नसत. तें शोधून काढणाऱ्यांनीं त्याचें पेटंट विद्यापीठास एकेका डॉलरला देऊन टाकलें. आमच्या पाटीवर एक लाख तीस हजार तसेच होते.

शेवटीं डॉक्टरांस विचारून असें ठरलें कीं वर्षभर अखंड चकती झेंपणार नाहीं. तूर्त महिन्यास एक लावावी, परीक्षा, सणवार आणि ताप यांचे दिवस तींत धरावे, आणि उरलेले दिवस पट्ट्यांवर काढावे. ही कांहीं उत्तम व्यवस्था नव्हे. रात्रींचा गजर अर्धा महिना वाजणारच आहे.

दुसऱ्या दिवशीं नातीस बरोबर घेऊन आम्ही त्याच दुकानीं गेलों. “बिलासह द्या,” असें म्हणतांना आमचा आवाज जरूरीपेक्षां मोठा झाला, आणि दुकानदार ओशाळला. वास्तविक ओशाळावयास आम्हीही हक्कदार होतों. त्यानें संगणकावर बोटें ठेवून विचारलें, “नांव कोणाचें लिहूं? गुरुजी, तुमचेंच ना?”

“माझें लिहा,” नात म्हणाली, आणि स्वतःचें, वडिलांचें व आडनांव असें सारें नांव तिनें सावकाश सांगितलें.

घरीं आल्यावर सूनबाईंनीं चकती लावली. सौ. देवापुढें निरांजन लावून आल्या आणि दुखतें कां, म्हणून तिला विचारून गेल्या. नातीनें खुर्चीवर चढून कालनिर्णयाच्या चौदाव्या दिवसाच्या चौकोनांत पेन्सिलीनें एक वाटोळें काढलें. रात्रीं दोन वाजतां संवयीनें आम्हांस जाग आली. सूनबाईंच्या खोलींत दिवा नव्हता.