चित्र येतं कुठून?

नवा टीव्ही म्हाताऱ्या माणसांना समजत नाही, कारण रिमोटवर बटणं फार, असं निदान तरुण मंडळी झटकन करून टाकतात. माझी आत्या टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती. समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या, कानात एकाच वेळी नागपूर आणि सांगली. तिला चाळीस बटणांची काय भीती? तिची अडचण वेगळीच होती आणि अगदी रास्त होती. चित्र येतं कुठून, हेच तिला कळेना.

पूर्वी हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढे पुण्याला ते दिसायचं सिंहगडावरच्या मनोऱ्याच्या कृपेने. गच्चीगच्चीवरचे अँटेना गडाकडे तोंड करून उभे. पडद्यावर मुंग्या आल्या की कुणीतरी वर जायचं, खांब फिरवायचा, खालून ओरडा व्हायचा. कावळा बसून दांडी वाकली तर तीही दिसायची. त्या आडव्या दांड्यांपैकी तार एकीलाच जोडलेली असते, बाकीच्या लहरी नुसत्या तिच्याकडे वळवतात, हे शास्त्र कुणाला माहीत नव्हतं. तरी अँटेना लागायचा. दिशा माहीत होती, तेवढं पुरायचं.

मग केबल आली. पुढे जुनी केबल बंद करून सेट टॉप बॉक्स बसवण्यासाठी पुण्याला ३१ मार्च २०१३ ही मुदत पडली आणि टीव्हीचं एक मोठं काम गुपचूप काढून घेतलं गेलं. चॅनेल आता टीव्ही लावत नाही, डबा लावतो. टीव्ही उरला पडद्यापुरता. पण त्याच्या रिमोटवर चॅनेलची बटणं मात्र तशीच ठेवली. याला मी शुद्ध फसवणूक म्हणते. माणूस भाबडेपणाने ती दाबतो, टीव्ही डब्याची वाट सोडून कुठल्यातरी ओसाड जागी जातो आणि वर पाटी लावतो, ‘नो सिग्नल’. घरात दोन रिमोट, आणि नेमका चुकीचा हाताशी.

आत्याला मी सरळ टीव्हीच्या पाठीमागे नेलं. एचडीएमआयची भोकं दाखवली. पहिल्यात डब्याची वायर, बाकीची रिकामी. मालिकांची ती अ‍ॅप्स वायफायवरून येतात, त्यांना भोक लागत नाही. तिने वाकून, चष्मा वर करून पाहिलं.

“अगं, हा तर बोर्डच! सोर्सचं बटण म्हणजे दोरी कुठल्या भोकात घालायची ते. आणि नो सिग्नल म्हणजे लाइन जोडली, पण पलीकडे कुणी उचलत नाही.”

टीव्हीबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत इतकं सरळ वाक्य एकही नव्हतं.

रिमोट तपासायची युक्ती तर तिला फारच भावली. त्याच्या टोकाचा दिवा इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा. पण मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं की बहुतेक फोनमध्ये जांभळट ठिपका लुकलुकतो. ठिपका नाही, तर आधी सेल बदलायचे. आता शेजारच्या काकूही आपला रिमोट घेऊन तपासणीला येतात.

चित्राच्या बाबतीत मात्र आमचं जमलं नाही. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. हे नवे टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने रचून घालतात, म्हणून चांगला सिनेमाही मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. ती सोय मी सेटिंगमध्ये जाऊन बंद केली. तिला फरक जाणवला नाही, म्हणून वादही झाला नाही. वाद झाला तो आकारावरून. टीव्हीवर लागणारे जुने मराठी चित्रपट बहुधा ४:३ मापाचे, पडदा १६:९ चा. ताणून भरला की निळू फुले आडवे होतात. मी मूळ माप लावलं, तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या.

“एवढा मोठा टीव्ही घेतला तो काळ्या पट्ट्या बघायला?”

“अगं आत्या, पण माणसं जाड दिसतायत.”

“दिसू देत. खाऊनपिऊन सुखी वाटतात.”

रिमोट तिच्या हातात होता. पिक्चर साइझ कुठून बदलायची, हे आदल्याच दिवशी मी तिला शिकवलं होतं.