कम्यून? ती तर मुक्ताईनगरहून निघते!

पुण्यात आम्ही चौघी एका फ्लॅटमध्ये राहतो आणि फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्याही चार! रात्री चर्चा मात्र एकच, सगळं सोडून १९६८ साली वसलेल्या ऑरोव्हिलला जायचं का? मला आमच्या मुक्ताईनगरची पालखी आठवते. आषाढीसाठी पंढरपूरपर्यंत महिनाभर पायी. दिंडीत भिशी भरायची, सामान ट्रकमध्ये, जेवण पंगतीत, मुक्काम शाळेत नाहीतर तंबूत. शेतकरी असो की प्रोफेसर, हाक एकच, ‘माउली’. प्रायव्हसी? विसरा! भांडणंही होतात. आजी म्हणायची, ‘चार दिवस भांडतात, पाचव्या दिवशी पाय दुखतात. मग कोण भांडतंय?’ यंदा चौघींची नावं दिलीत. मी फ्रीलान्सर, मोकळी. बाकी तिघींत रजा एकीलाच मिळालीय, तीही आठ दिवसांची.